शून्य वापराची गल्ली

नोटीस लोखंडी पेटीवर चिकटवलेली होती, आणि चिकटवणाऱ्याने ती वाकडी चिकटवली होती. आक्काचा पहिला राग त्या वाकडेपणावर होता. कापडाची कड सरळ धरण्यात जिचं उभं आयुष्य गेलं, त्या शिंपीणबाईला वाकडं काही बघवत नाही. दुसरा राग मजकुरावर होता.

‘या पेटीवरील टेलिफोनच्या तांब्याच्या तारा वापरात नसल्याने महिनाअखेर बंद करण्यात येतील. ग्राहकांनी मोबाइल सेवेचा लाभ घ्यावा.’

“लाभ म्हणे,” आक्का मोठ्याने म्हणाली. आसपास कुणी नव्हतं, पण मनात आलेलं मनातच ठेवायची तिला सवय नव्हती.

ही गल्ली म्हणजे डोंगराच्या ओंजळीत ठेवल्यासारखी होती. तिन्ही बाजूंनी उभा कातळ आणि चौथ्या बाजूला वर रस्त्याकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या. मोबाइलच्या लहरी सरळ रेषेत येतात, डोंगराला वळसा घालून खाली उतरत नाहीत. त्यामुळे टॉवर वर झगमगत असला तरी खाली प्रत्येकाचा मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ होतं. तो बोलका व्हायचा तो पायऱ्यांच्या टोकाला, अगदी वरच्या पायरीवर. तिथे सदान्‌कदा कुणीतरी उभं असायचं. बेकरीवाल्याची मुलगी निकाल बघायला तिथे जायची. दूधवाला भांडायला जायचा. त्याची बायको शहरातल्या दवाखान्यात नर्स होती आणि आठवडाभर तिकडेच राहायची. तेव्हा त्यांचा संसार त्या एका पायरीवर चालायचा, ऊन असो की वारा असो.

खाली मात्र घराघरात जुना फोन होता. भिंतीवरचा, तारेचा.

नोटीस लावणारा माणूस दोनच दिवसांत पुन्हा आला. पोरगेलासा, सडपातळ, बोलायला गोड. छातीशी टॅबलेट धरून चालायचा, शाळेतलं मूल पाटी धरतं तसा. गल्लीने त्याचं नाव विचारायच्या आधीच त्याला पाटीसाहेब करून टाकलं होतं.

“साहेब, ती नोटीस तुमची?” आक्काने दुकानाच्या दारातूनच विचारलं. गळ्यात मापाची पट्टी, ओठांत दोन टाचण्या.

“कंपनीची, काकू.”

“काकू ती, बेकरीच्या गल्ल्यावर बसलीय. मला आक्का म्हणतात. आत या. आणि बसा, उभ्याने वाईट बातमी सांगू नये.”

तो बसला. एव्हाना बेकरीवाला, त्याची बायको आणि दूधवाला दारात जमले होते. पाटीसाहेब काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने नीट समजावून सांगितलं.

“हे जगभर चाललंय आक्का. तांब्याची तार जातेय आणि तिच्या जागी काचेचा धागा येतोय. केसाएवढा बारीक. त्याच्या आतून उजेड पळतो आणि त्या उजेडावर बसून आपलं बोलणं जातं. एका धाग्यात अख्ख्या शहराचं बोलणं मावतं. तांबं पाण्याने खरखरतं. जुन्या एक्स्चेंजचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि ते दुरुस्त करणारे सगळे घरी बसले.”

“मग घाला की काच,” आक्का म्हणाली. “आम्ही कुठे अडवलंय? मला काही तांब्याचं प्रेम नाही. तांब्याची असो, काचेची असो, भिंतीवरची घंटा वाजली म्हणजे झालं.”

“काच जिथे वापर आहे तिथेच घालतात.”

“आणि इथे?”

पाटीसाहेबाने टॅबलेट फिरवून दाखवला. घराच्या प्रत्येक क्रमांकापुढे एक शून्य. अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी मांडावीत तशी ओळीने, एकसारखी, गोल गोल शून्यं.

“शून्य?” बेकरीवाला पुढे सरसावला. “अहो, माझा फोन दिवसभर ठणठणत असतो! पावाच्या भट्टीपेक्षा तो जास्त तापतो!”

“वाजतो. पण तुम्ही तो उचलता का?”

“उचलायचा कशाला?” बेकरीवाल्याने अगदी मनापासून विचारलं.

आता इथे गल्लीची रीत सांगायलाच हवी, नाहीतर त्याचा प्रश्न खुळचट वाटेल. फोन उचलला की पैसे पडतात, नुसता वाजला तर पडत नाहीत, ही गोष्ट या गल्लीने फोन आले त्याच वर्षी हेरली होती. तेव्हापासून इथे सगळा कारभार घंटांवर चालायचा. आक्काने एक घंटा दिली की समजायचं, कपडे शिवून झाले, घेऊन जा. बेकरीची एक घंटा म्हणजे ताजा पाव निघाला. दूधवाल्याला दोन म्हणजे उद्या नेहमीचं, तीन म्हणजे जास्तीचं. घंटा कुणाची हे वेळेवरून कळायचं. मुलं शेजारी खेळायला गेली आणि आईला ती परत हवी असली, की तिथल्या फोनवर चार घंटा. वाजलेला फोन उचलणं हा इथे गावंढळपणा समजला जायचा. समोरच्याच्या खिशात हात घातल्यासारखं. मोजण्यावरून अधूनमधून वाद व्हायचे. “मी तीन दिल्या,” “दोनच वाजल्या,” असं रोज कुठे ना कुठे चालायचं, पण संध्याकाळपर्यंत मिटायचं.

कंपनीला आपण कसं बनवलं याचा गल्लीला मोठा अभिमान होता. आणि कंपनीचं यंत्र मात्र फक्त उचललेला फोन मोजत होतं.

आक्काने ओठांतल्या टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या.

“म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुमची लाइन फुकट वापरली, आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही.”

“लागला असता तर आज शून्य नसतं,” पाटीसाहेब हळूच म्हणाला.

दूधवाला हसला, आणि त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की तो गप्प झाला.

“मोबाइल घ्या म्हणता,” आक्का म्हणाली, “तर तुमचा मोबाइल काढा आणि या दुकानातून तुमच्या साहेबाला लावून दाखवा. लागला तर मी स्वतः ती पेटी उखडून तुमच्या डोक्यावर ठेवते.”

त्याने खरंच काढला, पाहिला आणि पुन्हा खिशात ठेवला.

“वरती सगळ्यांना वाटतं की इथे लोकच राहत नाहीत,” तो म्हणाला.

“राहतात. सांगा त्यांना. तुम्हाला वापर हवाय ना? महिनाअखेरपर्यंत थांबा. वापर देते.”

पाटीसाहेबाने विचार केला. “महिन्याचे नवे आकडे मी पुन्हा वर पाठवू शकतो. पण गल्लीतल्या गल्लीत बोललात तर ते धरणार नाहीत. बाहेर बोललं पाहिजे. आणि प्रत्येक लाइन वेगळी मोजतात. जी मुकी राहील ती जाईल.”

“मुकी?” आक्का म्हणाली. “ही गल्ली? बघाच.”

दुसऱ्या दिवसापासून आक्काने गल्लीला फोनवर बोलायला शिकवायला घेतलं. हे काम लहान मुलांना काज करायला शिकवण्यापेक्षा अवघड निघालं. बेकरीवाल्याने मेहुण्याला फोन लावला. आक्का शेजारी उभी.

“हॅलो. मी बोलतोय. हां. बरं आहे. तुम्ही? बरं. ठेवतो.”

“एवढ्यात?” आक्का ओरडली.

“संपलं की बोलणं.”

“बोलणं संपलं? अजून सुरू कुठे झालंय! त्याचा पाय मोडला होता ना? मग पायाचं विचार. कसा मोडला ते विचार. ऐकून माहीत असलं तरी विचार, त्याला पुन्हा सांगायला आवडेल.”

बेकरीवाल्याने पायाचं विचारलं, आणि मेहुणा असा सुटला की भट्टीतला पाव करपला. त्याच्या बायकोला शिकवावं लागलं नाही. तिने बहिणीला फोन लावला आणि त्या दोघी आठवड्याभरात कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं तिथपर्यंत मागे गेल्या. दूधवाला तर हरखून गेला. इतकी वर्षं त्याला उन्हातान्हात पायरीवर उभं राहून भांडावं लागत होतं.

“आक्का,” तो सांगायला आला, “खुर्चीत बसून, पाय लांब करून भांडण्यात काय सुख असतं म्हणून सांगू! आणि शेवटी तीच म्हणाली, तुमचा आवाज आज बरा वाटतोय.”

गल्लीत आता घंटाही वाजत होत्या आणि माणसंही बोलत होती. जुनी रीत कुणी सोडली नव्हती. तिच्यावर फक्त नवी शिवली होती, जुन्या कापडावर ठिगळ लावावं तशी, दिसेल अशी आणि घट्ट.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी पाटीसाहेब आला, तो पायऱ्या उतरतानाच हसत होता.

“आक्का, जिंकलात! वरती विश्वास बसेना. दोनदा तपासायला लावलं. या गल्लीत काच घालायचं ठरलंय, आणि तोवर तांब्याला हात लावायचा नाही.” मग त्याचं हसू जरा आखडलं. “फक्त एक लाइन सोडून.”

“कुणाची?”

त्याने टॅबलेट पुढे केला. आता ओळीत आकडेच आकडे होते. एकाच ठिकाणी शून्य उरलं होतं, आणि ते आक्काच्या दुकानाच्या क्रमांकापुढे होतं.

बेकरीवाल्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. तिला ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आक्काला बाहेरचं असं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ. तो डोंगराच्या पलीकडच्या बाजूला राहायचा. आई त्याच्याकडे असायची. त्या दोघांच्या घंटा साध्या होत्या : रोज दिवेलागणीला एक, म्हणजे सगळं ठीक. दोन, म्हणजे असशील तशी निघून ये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आक्काकडे एक घंटा वाजली. बरं, असं स्वतःशी म्हणून तिने हातातल्या कोटाला अस्तर लावणं पुढे चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप घेऊन माणूस आला. आई पहाटेच गेली होती, जाताना लेकीची वाट बघत.

“मी दोन दिल्या होत्या,” आक्का पोहोचली तेव्हा अंगणात, सगळ्यांसमोर भाऊ म्हणाला होता.

“एकच वाजली.”

“मशीन चालू असेल तुझं. मशीनपुढे तुला कधी कुणाचं ऐकू आलंय?”

ते वाक्य टाचणीसारखं आत गेलं आणि तिथेच राहिलं. त्यानंतर दोघांमध्ये शब्द नाही. पुढे कधीतरी एका संध्याकाळी फोन एकदाच वाजून थांबला. आक्का बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, आणि मग तिनेही त्याचा क्रमांक फिरवून एक घंटा दिली. तेव्हापासून रोज. मी आहे. मीही आहे. त्यापलीकडे काही नाही. त्या वेळेला आक्का मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवायची आणि घंटा वाजेपर्यंत पुन्हा सुरू करायची नाही, मग समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं का असेना. कधी कधी घंटा यायचीच नाही. मग ती रागारागाने स्वतःच आधी द्यायची.

ही लाइन गेली की ती घंटा जाणार होती. आणि लाइन ठेवायची तर कुणाशी तरी बोलायला हवं होतं, आणि बोलायचं असं जगात एकच माणूस होतं. आक्काने महिनाभर सगळ्या गल्लीच्या कानाला फोन लावला, स्वतःच्या नाही.

“दुसऱ्या कुणाला तरी लावा आक्का,” बेकरीवाल्याची बायको म्हणाली. “माझ्या बहिणीशी बोला. ती कुणाशीही बोलते.”

“खोटं बोलून लाइन ठेवायची? मी उसवलेलं शिवते, उसवलेलं लपवत नाही.”

पाटीसाहेब अवघडून उभा राहिला. तेवढ्यात बाहेर आवाज चढले. दूधवाला हातवारे करत बेकरीतून बाहेर येत होता आणि बेकरीवाला त्याच्या मागे.

“तीन दिल्या मी! तीन! जास्तीचं दूध हवं होतं. आता केकचं काय करू?”

“दोन वाजल्या! माझे कान शाबूत आहेत!”

“मी या कानाने मोजल्या, ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग, आणि मग ठेवला!”

“अहो, भांडता कशाला?” पाटीसाहेब सहज म्हणाला. “दोघांचंही बरोबर असेल.”

“दोघांचं कसं बरोबर असेल?” आक्काने आतून विचारलं. तिचा आवाज वेगळाच आला.

“फोन लावल्यावर आपल्या कानात जी घंटा ऐकू येते, ती पलीकडची घंटा नसतेच. ती एक्स्चेंज आपल्याला वाजवून दाखवतं, थांबा, लावतोय, एवढंच सांगायला. पलीकडच्या घरातली घंटा वेगळी वाजते. जरा आधी सुरू होईल, जरा नंतर. इकडे तीन ऐकून ठेवलात, तर तिकडे दोनच झालेल्या असू शकतात.”

“पुन्हा सांगा,” आक्का म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश. आक्काने ते उभ्यानेच ऐकलं. मग ती बेकरीवाल्याकडे वळली.

“जा. तुझ्या फोनवरून माझ्या दुकानात लाव. कानात दोन ऐकू आल्या की ठेव, आणि दारात येऊन ओरड. कुणी बोलायचं नाही.”

गल्ली श्वास धरून उभी राहिली. दुकानातला फोन वाजला. दोनदा. “दोन!” बेकरीवाला ओरडला.

“पुन्हा.”

वाजला, दोनदा. “दोन!”

“पुन्हा.”

फोन वाजला. एकदा. मग शांत. सगळे पुढच्या घंटेची वाट बघत राहिले. ती आली नाही, आणि बेकरीच्या दारातून आवाज आला, “दोन!”

आक्काने खुर्चीची पाठ धरली होती.

“दोन दिल्यास?” तिने विचारलं. “नक्की?”

“तुमच्या गळ्याशप्पथ आक्का, दोन!”

आक्का पाटीसाहेबाकडे वळली. तिचे डोळे पेटले होते. “आणि हे तुम्ही इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाहीत?”

“आक्का, घंटा मोजण्यासाठी असते हे आम्हाला कुठे माहीत होतं? आमच्या हिशेबी घंटा उचलण्यासाठी असते.”

“चला, निघा सगळे,” ती म्हणाली. “माझी कामं पडलीत.”

पाटीसाहेब घुटमळला. “तुमची तार मला आज काढावी लागेल. दिवस मावळायच्या आत. काढण्याआधी एकदा फोन लावून विचारायचं असतं, तसा नियम आहे. वरच्या पायरीवरून लावेन.”

“लावा,” आक्का म्हणाली. “तुमचं काम तुम्ही करा. माझं मी करते.”

सगळे गेल्यावर ती मशीनवर बसली, पण टीप सरळ येईना. दोनदा उसवली. शेवटी तिने चाकावर हात ठेवला आणि मशीन थांबवलं. बाहेर कातळाची सावली गल्लीभर पसरली होती. समोर बेकरीवाला दारात खुर्ची टाकून काहीच न करण्याचं काम मन लावून करत होता. त्याची बायको केव्हाची एकच पायरी झाडत होती.

फोन वाजला.

इतकी वर्षं ती घंटा संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसायची. आज घंटा अर्धी व्हायच्या आत तिने रिसीव्हर उचलला.

पलीकडे कुणीतरी दचकून श्वास घेतला. मग खट् असा आवाज. भावाने फोन ठेवून दिला होता.

“पळपुट्या!” आक्का रिसीव्हरला म्हणाली.

तिने क्रमांक फिरवला. कानात वाजू लागलं. आता तिला माहीत होतं की ही त्याच्या घरातली घंटा नाही, एक्स्चेंजने आपलं मन रमवायला वाजवलेली आहे. खरी त्याच्या भिंतीवर वाजत होती, त्याच्या कानाशी. वाजू दे. एक झाली, दोन झाल्या. हात सवयीने खाली येऊ लागला, तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. तीन. चार. त्यांच्यात चारला काही अर्थच नव्हता. तो तिकडे उभा राहून विचार करत असेल, चार म्हणजे काय, पाच म्हणजे काय. कर विचार. मी ठेवत नाही. आज ठेवणारी मी नाही. तिने मोजणं सोडून दिलं.

“कोण गेलं?” अचानक कानात आवाज आला. म्हातारा, घोगरा, तरीही त्याचाच.

“कुणी नाही. मीच आहे.”

“मग उचललास कशाला?”

“मघाशी तू का ठेवलास?”

“तू उचललास म्हणून! फोन उचलतात का कुणी? मला वाटलं तुझ्या दुकानात दुसरंच कुणीतरी आहे. मला वाटलं...” तो थांबला. “काय वाटलं ते जाऊ दे.”

“ऐक. फोन ठेवू नकोस. ठेवलास तर बसने येऊन दारात उभी राहीन आणि तुझ्या बायकोसमोर बोलेन.”

“बोल.”

आक्काने सांगितलं. पाटीसाहेबाने सांगितलं होतं तसंच, सावकाश. कानातली घंटा वेगळी, घरातली वेगळी. बेकरीवाल्याने दोन दिल्या आणि इथे एक वाजली, तेही सांगितलं.

“म्हणजे तू दोन दिल्या होत्यास,” ती म्हणाली. “आणि माझ्याकडे एकच वाजली.”

“ह्या. असं कुठे असतं?”

“असतं.”

“मशीन चालू होतं तुझं.”

आक्का ताठ बसली. हे उत्तर तिने इतकी वर्षं इस्त्री करून, घडी घालून ठेवलं होतं.

“कोटाचं अस्तर लावत होते मी. अस्तर हाताने लावतात. सुई-दोऱ्याने. बापाच्या दुकानात लहानाचा मोठा झालास ना रे तू? अस्तर मशीनवर लावताना बघितलंयस कधी कुणाला?”

समोर बेकरीवाल्याची बायको झाडू टेकून सरळ उभी राहिली होती.

“अस्तर होतं?” भाऊ म्हणाला. “हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस? सगळ्यांसमोर तोडून टाकलंस मला.”

“आणि तू काय केलंस? चप्पल घालून चालती झालीस! मी आईच्या उशाशी बसून रात्रभर सांगत होतो, दोन दिल्यात आई, निघाली असेल, येईल.” त्याचा आवाज फाटला. “ती म्हणाली, येईल.”

आक्काने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. फोन कुणीच ठेवला नाही. तारेतली खरखर तेवढी ऐकू येत होती.

“मला वाजली असती,” शेवटी ती म्हणाली, “तर मी डोंगर चढून आले असते. रस्त्याने नाही. सरळ.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर इतका राग आला.”

तिने नाक पुसलं. मग तिला एकदम काहीतरी आठवलं.

“आणि आईची कात्री कुठे आहे रे?”

“माझ्याकडे.”

“तुझ्याकडे कशी? तू पुठ्ठे कापतोस तिने! धार गेली असेल!”

“पुठ्ठे नाही कापत. एकदाच कापला.”

“कापलास! बघ, कापलास!”

“आक्के, तू आधी सांग, माझी सायकल कुणी...”

“सायकलचं काढू नकोस! त्या सायकलला ब्रेकच नव्हता!”

आवाज गल्लीभर घुमत होता. दूधवालाही येऊन बेकरीच्या पायरीवर बसला होता आणि जाणकाराने गाणं ऐकावं तसा मान डोलवत होता. कुणीतरी पायऱ्यांवरून धापा टाकत खाली आलं. दारात पाटीसाहेब उभा राहिला. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात तार तोडायची पक्कड.

आक्काने रिसीव्हरच्या तोंडावर तळवा ठेवला. “काय?”

“आक्का, मघापासून तुम्हाला फोन लावतोय. वर उभं राहून पाय दुखले. लागतच नाही.”

“कसा लागेल?” आक्का म्हणाली. “वापरात आहे.”

पाटीसाहेबाने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि पक्कड पिशवीत टाकली. “अजून किती वेळ चालेल?”

“आत्ता कुठे कात्रीवरून सायकलवर आलोय. लहानपण अख्खं बाकी आहे.” तिने तळवा काढायला घेतला आणि पुन्हा ठेवला. “आणि हो, जाताना ती नोटीस काढून न्या. पहिल्या दिवसापासून वाकडी आहे.”

मग तिने खुर्ची भिंतीजवळ ओढली, पाय लांब केले आणि रिसीव्हर कानाला लावला.

“हां. बोल आता. ब्रेक होता म्हणतोस? कुठे होता?”